तीन ग्रॅमचा ऋत्विक

"पाच मिनिटं. घड्याळ लावून बसा. सहाव्या मिनिटाले महाराज धोतर आवरून मोटारस्टँडवर उभा नाही दिसला, तं माहं नाव बदला."

वडनेर भोलजीच्या चहाच्या टपरीवर उकंडराव मास्तर असं बोलले आणि कोणी हसलं नाही. हसायचं कारणच नव्हतं. मास्तरांनी तीस वर्षं गावाला विज्ञान शिकवलं होतं. नारळातून केस काढणारे, अंगात आलं की फक्त सासूलाच मारणारे, हळदीवर चुना टाकून रक्त दाखवणारे, सगळ्यांची भांडी त्यांनी चौकात फोडली होती. रिटायर झाल्यावर तर त्यांना तेवढंच काम उरलं होतं.

तुलानंद महाराज मात्र नव्या बनावटीचे होते. त्यांच्याकडे कवटी नव्हती, अंगारा नव्हता. सोनाराच्या दुकानात असतो तसला डिजिटल काटा होता.

दर गुरुवारी मंगल कार्यालयात गर्दी व्हायची. खिडक्या बंद, माणसाला माणूस चिकटलेलं, मागं चुलाणावर भक्तांसाठी काढ्याचं पातेलं रटरटत असायचं. पुढं टेबलावर काटा, काट्यावर पितळी ताट, ताटात पसरलेली करडी रक्षा. चारही बाजूंनी काच, वरून उघडं. आत्म्याला उतरायला जागा पाहिजे ना. मेलेल्या माणसाचा फोटो बंद पाकिटात घालून काचेला टेकवायचा, कारण आत्मे म्हणे लाजाळू असतात.

"माताओं, भाइयों, ये अंधश्रद्धा नहीं, मेजरमेंट है," महाराज माईकवरून सांगायचे. "डोळे खोटं बोलतील, कान खोटं बोलतील, काटा कधी खोटं बोलत नाही. जर्मन काटा आहे. विश्वास नसेल तर नासाला विचारा."

गावात नासाचा नंबर कोणाकडंच नव्हता. त्यामुळं विश्वास ठेवावा लागला.

मग भजन सुरू व्हायचं आणि काट्यावरचा लाल आकडा हलायचा. शून्य. मग एक दशांश. मग तीन दशांश. कोणी हात न लावता ताट जड होत जायचं.

"आले, धनी आले," एक बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली.

"जित्तेपनी कधी वेळेवर घरी आले नाही, अन् आता पाहाय," तिची शेजारीण बाजूच्या बाईला म्हणाली.

उकंडराव छाती काढून पुढं गेले. खिशातून लोहचुंबक काढलं, टेबलाखाली फिरवलं. काही नाही. दोरा असेल म्हणून छत्रीची दांडी ताटावरून फिरवली. काही नाही. शाळेतलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन ठेवून पाहिलं. काट्यानं बरोबर पन्नास दाखवले.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. मास्तरांच्या कानामागून घाम निघाला.

"काय गुरुजी, काटा बरोबर आहे?" महाराजांनी गोड विचारलं.

"काटा… बरोबर आहे."

"जरा माईकमध्ये बोला."

मास्तर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. ते माईकमध्ये बोलले. पुढच्या गुरुवारी फाट्यावर फ्लेक्स लागला: 'विज्ञान शिक्षक उकंडराव सरांनी तपासलेला काटा.' वर त्यांचाच फोटो, निरोप समारंभातला, शाल-नारळासकट.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पण मास्तर माईकमध्ये बोलले त्या दिवशी तिसऱ्या रांगेत सरस्वतीबाई बसल्या होत्या.

सरस्वतीबाई म्हणजे मास्तरांची बायको. दोन वर्षांआधी त्यांचा मुलगा ऋत्विक मलकापूरच्या रोडवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. चोवीस वर्षांचा होता. तेव्हापासून सरस्वतीबाई कामापुरतं बोलायच्या. मीठ आहे. गॅस संपला. दूधवाला आला नाही. बाकी काही नाही.

"मी त्याचा फोटो घेऊन जातो," त्या म्हणाल्या.

"अवं, ते सगळं ढोंग आहे."

"तुमीच म्हटलं ना, काटा बरोबर आहे."

"हाव, पण…"

"मंग झालं."

त्या गेल्या. ऋत्विक एक ग्रॅम आणि वर काही आला. घरी येऊन त्यांनी भरीत केलं, भाकरी टाकल्या आणि बोलत सुटल्या. ऋत्विकला भरितात मिरची जास्त लागायची, तो लहानपणी कढईच चाटायचा, एकदा त्यानं बापाचा चष्मा शेळीला लावला होता. मास्तरांनी दोन वर्षांत बायकोचा एवढा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्याकडं ढोंगावर अख्खं भाषण तयार होतं. ते त्यांनी भाकरीच्या घासाबरोबर गिळलं.

आषाढ लागला, पावसाची झड लागली आणि ऋत्विक वाढायला लागला. दोन ग्रॅम. मग अडीच.

"माताजी," महाराज म्हणाले, "माय आपलं वजन देते, म्हणून लेकरू वाढतं. पोटात देत होतात तसंच. तुम्ही कमी व्हाल तेवढा तो वाढेल. दहा ग्रॅमचा झाला की बोलेल."

त्या दिवसापासून सरस्वतीबाईंनी जेवण सोडलं. आधी एक भाकर, मग अर्धी, मग नुसता चहा. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. आणि गंमत अशी की आकडा खरंच वाढत होता. तीन ग्रॅम.

"पाहा," त्या मास्तरांना म्हणाल्या, "मी कमी होऊन राह्यली अन् तो वाढून राह्यला. हे तुमच्या पुस्तकात नाही काय?"

दुसऱ्या दिवशी नळावर घागर उचलताना त्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, औषध काही नाही, यांना जेऊ घाला. सरस्वतीबाईंनी ताट घेतलं, मान हलवली आणि भाकर मागच्या दारानं कुत्र्याला टाकली. कुत्र्याचं वजन मात्र वाढलं.

मास्तरांनी रुपालीला बोलावून घेतलं. ही त्यांची लेक. अकोल्याला पावसाच्या अंदाजावर संशोधन करणाऱ्यांच्या गटात होती. शेताशेतात यंत्रं लावायची, मातीतली ओल, हवेतली वाफ मोजायची, त्यावरून अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला की शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या, असं कामाचं स्वरूप.

"मी सगळं तपासलं वं," मास्तर म्हणाले. "चुंबक नाही, दोरा नाही. काटा बरोबर आहे."

"बाबा, तुम्ही काटा तपासला. प्रश्न नाही तपासला."

"म्हणजे?"

"काटा सांगते किती. कोणाचं, हे काटा कुठं सांगते? ते तं महाराज सांगते. आमचा अंदाज बरोबर आला की आमचे सर पेढे नाही वाटत. आधी विचारतात, चुकीच्या कारणानं तं बरोबर नाही आला? आईचा उपास वाढला अन् आकडा वाढला. पण त्याच दिवसात दुसरं काय वाढलं?"

मास्तरांनी बाहेर पाहिलं. झड चालूच होती. भिंतींना ओल चढली होती, काडेपेटी पेटत नव्हती.

तेवढ्यात रुपालीनं देव्हाऱ्यातली स्टीलची डबी उचलली. "आई, हे पानी कायचं?"

"ठेव ते," सरस्वतीबाई खाटेवरून म्हणाल्या. "महाराजांनी दिलेली रक्षा आहे. दर गुरुवारी देते. रातभर उघडी ठेवली की तिचं पानी होते." मग हळूच म्हणाल्या, "ऋत्विक रडते माहा."

मास्तरांनी डबीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. खारट, कडवट. ते तसेच खाली बसले. शाळेच्या प्रयोगशाळेतली ती पांढऱ्या खड्यांची बाटली त्यांच्या डोळ्यांपुढं आली. तीस वर्षं ते पोरांवर ओरडले होते, झाकण लावा बे, नाहीतर हवेतलं पाणी पिते अन् चिखल होते. कॅल्शियम क्लोराईड. महाराजांनी त्यात फक्त गोवरीची राख कालवली होती.

भांडं सापडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना ते फोडावंसं वाटेना.

"आत्ता कुठं बोलाले लागली ती," ते ओसरीवर येऊन रुपालीला म्हणाले. "दुसऱ्यांदा मारू काय त्याले? तिच्यासमोर?"

रुपालीचे डोळे भरले. "बाबा, आई राहीन तं बोलंन ना."

गुरुवारी बायको आणि लेकीबरोबर मास्तर स्वतः पाकीट घेऊन गेले. महाराजांना कोण आनंद. भजन झालं, काढा रटरटला, आकडा तीनच्या वर गेला.

"आला. ऋत्विकबेटा आला," महाराज म्हणाले. सरस्वतीबाईंनी हात जोडले.

मास्तरांनी पाकीट फोडलं. आत त्यांचाच फोटो होता, शाल-नारळवाला.

"म्हणजे मी आलो," मास्तर म्हणाले. "पण मी तं इथं उभा आहे."

सभागृहात खसखस पिकली. महाराजांनी माईक जवळ ओढला. "जिवंत आत्मा पण फिरतो गुरुजी. झोपेत."

"मी जागा आहे."

"अन् वर्गात आमाले बी झोपू देत नव्हते," सरपंच भगवानराव मागून म्हणाले.

मग रुपालीनं ते ताट उतरवलं. तसलंच दुसरं ठेवलं, त्यात भट्टीत भाजून कोरडी केलेली वाळू पसरली. काचेला ऋत्विकचा खरा फोटो टेकवला, पाकिटाशिवाय. "आता तेच भजन म्हना. तेवढाच वेळ. बदललं काय तं फक्त रक्षा."

महाराज नको म्हणत होते, पण लोकांना आता पाहायचं होतं. भजन सुरू झालं. सगळ्यात मोठा आवाज सरस्वतीबाईंचा होता. नळावर पडलेली बाई, पण खड्या आवाजात म्हणत होती आणि आकड्यावरून नजर हलवत नव्हती.

भजन संपलं. काट्यावर शून्य होतं.

 सरस्वतीबाईंनी एकटीनंच भजन पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला शेजारणीनं साथ धरली, मग हळूहळू सगळ्यांनी. गावानं ते भजन शेवटपर्यंत म्हटलं, काही होणार नाही हे कळून.

शून्य हललं नाही.

मग मास्तरांनी सांगितलं. या रक्षेत असा क्षार आहे जो हवेतली वाफ पितो. खिडक्या बंद का, काढा उकळता का, गर्दी का, पावसाळ्यात आत्मे जाड का होतात, सगळं सांगितलं. एरवी ते हातवारे करून बोलायचे. आज फळ्याकडं तोंड केल्यासारखे बोलले.

"काटा खोटं नाही बोलला. किती, ते त्यानं बरोबर सांगितलं. कोण, हे सांगाचं काम आपण महाराजाले देऊन टाकलं, अन् मी माईकमधून सही केली. उद्या कोनी बी तुमाले आकडा दाखवंन. यंत्र दाखवंन, टक्के दाखवंन. एकच विचारा. हे सांगते ते नसतं, तरी आकडा आला असता काय? काढून पाहा, बदलून पाहा. मंग विश्वास ठेवा."

सरस्वतीबाई उठून उभ्या राहिल्या. "मंग त्या ताटात कोन होतं?"

"आपन सगळे. आपला श्वास होता, वाफ होऊन."

"माहा बी?"

"तुहा बी."

"अन् त्याचा?"

मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. "त्याचा नाही वं."

सरस्वतीबाईंनी मान हलवली, जशी गॅस संपल्याचं ऐकून हलवतात तशी.

तेवढ्यात महाराज काटा काखेत मारून मागच्या दारानं निघाले आणि काढ्याच्या पातेल्याला अडखळले. कंबरेखाली सगळे काढ्यात भिजले, रक्षेचं पोतं अंगावर फुटलं, आणि पोलीसपाटील येईपर्यंत ते हवेतली ओल पीत चिकट होऊन बसून राहिले. पोरं हसली. मास्तर हसले नाहीत.

घरी सरस्वतीबाईंनी अर्धी भाकर खाल्ली. रुपाली समोर बसून राहिली, तेव्हा उरलेली अर्धी पण खाल्ली. ऋत्विकबद्दल काही बोलल्या नाहीत. मीठ संपत आलंय, एवढं म्हणाल्या.

ऊन कलल्यावर त्यांनी देव्हाऱ्याखालची बरणी काढली. सगळ्या गुरुवारांच्या डब्यांचं पाणी त्यांनी त्यात साठवलं होतं. मोरीत ओतायला हात होईना. अंगणात तेलाच्या पिंपात लिंबाचं रोप होतं, गुडघ्याएवढं. ऋत्विकनं सरबतातली बी पेरून लावलेलं. त्यांनी बरणी त्याच्या बुडाशी ओतली. मास्तरांनी पिंप हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बरं झालं, या पाण्यातून सुटली एकदाची बायको, असं त्यांना वाटलं.

खारं पाणी मुळांना काय करतं, हे ते आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवायचे.

पुढच्या गुरुवारपर्यंत लिंबाचं रोप वाळलं.