मालनची शांत बसायची वेळ

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या अंगाला असलेल्या एका चाळीत मालन आणि अंबादास त्रिभुवन राहायचे. दोघं मूळचे राहुरीकडचे, कॅथलिक. अंबादास छापखान्यात कंपोझिटर होता. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि सत्याऐंशी साली तो निवृत्त होऊन घरी बसला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती. मालन सकाळी बालवाडीत शिकवायला जायची.

अंबादास बोलका माणूस. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला शास्त्रवाचन तोच करायचा. माइक बंद पडला तरी त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, आणि माइक बंद पडला की तो मनातून खूश व्हायचा हे मालनला माहीत होतं.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मालन अंधेरीला मौनसाधनेच्या शिबिराला गेली. तिथे सिस्टर बेनेदिक्ता शिकवत होत्या. ताठ बसायचं, डोळे मिटायचे, श्वासाबरोबर प्रभूचं नाव घ्यायचं आणि काही म्हणजे काही मागायचं नाही. मालनची प्रार्थना आजवर मागण्याचीच होती. मुलीसाठी माग, भावाच्या शेतासाठी माग, शेजारणीच्या पोटदुखीसाठी माग. तिथे पहिल्यांदाच ती न मागता बसली. शेवटच्या दिवशी तिला वाटलं की कुणीतरी जवळ आहे. तापात पडलेल्या माणसाच्या उशाशी कुणी येऊन बसावं, तसं.

घरी आल्यावर मात्र ते काही जमेना. संध्याकाळी ती येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली चटई टाकून बसायची. शेजारच्या टीव्हीचं तिला काही वाटत नव्हतं, पण अंबादासचं काय करायचं? ती डोळे मिटते न मिटते तोच तो विचारायचा, किती वाजले गं? दूध वर आलं का बघ. दारात कोण उभं आहे? ही चप्पल माझी की शेजारच्या शिवदासची? मालन चिडायची. मग तो ओशाळून गप्प व्हायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा काहीतरी विचारायचा. प्रार्थनेला बसून नवऱ्यावर खेकसायचं, याचीही तिला लाज वाटू लागली.

शेवटी ती बसने अंधेरीला सिस्टरांना भेटायला गेली. सिस्टर बेनेदिक्ता वसईच्या, सत्तरी ओलांडलेल्या. सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. मालनने सगळं सांगितलं. आपल्याला ही प्रार्थना येत नाही, एका खोलीच्या संसारात ती जमायचीही नाही, तुम्हा सिस्टर लोकांचं वेगळं आहे, असंही बोलून गेली. सिस्टरांनी तिची समजूत घातली नाही. अंबादास नेमकं काय काय विचारतो, एवढंच त्यांनी विचारलं. चपलेचं ऐकून त्या खूप हसल्या. आपण स्वतः कितीदा नाव घेता घेता घोरायला लागतो तेही त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "मालनबाई, आता काही दिवस त्यांचा आवाज बाहेर ढकलू नका. नाव घ्या, आणि ते बोलले की नीट ऐका. उत्तर द्यायची घाई नको. प्रभूच बोलतोय असं समजायची काही गरज नाही. अंबादासच बोलतायत. पण नीट ऐका."

परतीच्या बसमध्ये मालन जराशी हिरमुसली होती. एवढ्या लांब येऊन मिळालं काय, तर नवऱ्याचं ऐका. ते तर तिच्या आईनेही लग्नात सांगितलं होतं.

तरी सांगितल्याप्रमाणे ती बसू लागली. हळूहळू तिला अंबादासचं बोलणं वेगळं ऐकू येऊ लागलं. प्रश्न विचारण्याआधी तो किंचित थांबायचा. त्याचा हात भिंतीवरून सरकत जायचा. पेला उचलण्याआधी बोटं टेबलावर फिरायची. एका संध्याकाळी त्याने नेहमीसारखं विचारलं, किती वाजले गं? मालनने उत्तर दिलं नाही. तिच्या मनात आलं, डोळे तर मी मिटलेत. घड्याळ त्याच्या खाटेसमोर आहे. मग हा मला का विचारतो?

आणि बाकीचे प्रश्नही तिच्यासमोर एकामागून एक येऊन उभे राहिले. दारात कोण. चप्पल कुणाची. दर शनिवारी तो रविवारचा उतारा तिच्याकडून पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून घ्यायचा, तुझे उच्चार सुधारतो म्हणायचा. तिला त्याचं किती कौतुक वाटायचं. तो ते पाठ करत होता.

तिने डोळे उघडले. "अहो, घड्याळ समोरच आहे. तुम्हीच सांगा ना, किती वाजले."

अंबादासने घड्याळाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाला, "घड्याळ आहे, तेवढं दिसतं."

नंतर हळूहळू सगळं बाहेर आलं. निवृत्तीच्या आधीपासूनच अक्षरं एकमेकांत मिसळू लागली होती. गावी त्याचे वडील आंधळे होऊन दारात बसून राहायचे, आणि माणसं त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलायची, जणू ते तिथे नाहीतच. आपलंही तसंच होणार, शास्त्रवाचनही जाणार, या भीतीने त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. मालनला राग आला. एवढ्याशा खोलीत माझ्यापासून लपवलंत, म्हणाली. मग रडली. मग चहा केला आणि कप त्याच्या हातात द्यायला गेली, तर तो म्हणाला, खाली ठेव, मी शोधतो.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. वडिलांचंही तेच असेल, कुणी दाखवलंच नसेल, असं अंबादास स्वतःशीच पुटपुटला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही, उताणं पडून राहायचं. त्या अंधारात तो फार घाबरला. दुपारी मालन वॉर्डात आली तेव्हा त्याने तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

"तू त्या वेळी मनात काय म्हणतेस?" त्याने विचारलं.

"प्रभूचं नाव घेते. बाकी काही नाही. नुसती बसते."

"मग मलाही बसव."

तिने त्याला श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं. त्यानंतर बोलका अंबादास खरोखरच गप्प पडून राहिला. त्याच्या हाताची पकड हळूहळू सैल झाली. चहा घेऊन आलेली आया दोघांकडे बघून पाऊल न वाजवता पुढे गेली. मालनला पुन्हा वाटलं की जवळ कुणीतरी आहे. या वेळी तिने डोळे मिटले नव्हते.

पट्टी निघाली, काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून अंबादासने आधी मालनकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, तू म्हातारी झालीस की गं. मालन इतकी हसली की शेजारची माणिक डोकावून गेली.

पुढच्या वेळी ती प्रार्थनेचं काही विचारायला अंधेरीला निघाली तर तोही निघाला. सिस्टरांना बघायचंय, म्हणाला. तिथे गेल्यावर त्याने ऑपरेशन, छापखाना, राहुरीचा ऊस, सगळं सांगायला घेतलं. चहा आला, नानकटाई आली, तरी त्याचं चालूच. मालन काकुळतीने सिस्टरांकडे बघत होती. सिस्टर पाय स्टुलावर ठेवून, डोळे अर्धे मिटून ऐकत होत्या, आणि मधेच पुढे काय झालं म्हणून विचारत होत्या. मालनने मग आपले प्रश्न मनातच ठेवले, एक नानकटाई उचलली आणि तीही ऐकत बसली.