बटणांचा डबा आणि तळावरचा नंबर

मी एक जुना प्लास्टिकचा डबा आहे. थांबा मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका! माझं झाकण एका बाजूने तडकलंय, अंगावर गोंदाचा चिकट पट्टा आहे, आणि तरीही या घरात पाहुणे आले की आधी मला दाखवतात, मग चहा टाकतात. का, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यात अमिनो आम्लांची पावडर भरली. आपण जे खातो त्यातल्या प्रथिनांचे हे बारीक तुकडे. दमलेल्या स्नायूंच्या दुरुस्तीला ते लागतात. माझ्या आधी त्याच यंत्रातून कुठल्याशा दुसऱ्या पावडरीचे डबे भरले होते. मध्ये यंत्र नीट धुवायचं असतं. त्या दिवशी घाई होती. कोणीतरी वरवर फडकं फिरवलं आणि आमची रांग सुरू झाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं सगळं लक्ष माझ्या चकचकीत लेबलाकडे होतं. त्या दिवशी भरलेल्या आम्हा सगळ्या डब्यांच्या तळावर एकच नंबर छापला, पण तो मला दिसतही नव्हता, मग त्याचं कौतुक कुठून असणार?

दुकानात मला विकत घेतलं एका मुलीने. ती वेगाने चालण्याच्या शर्यतीत भाग घेते. या शर्यतीत एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो, त्यामुळे कंबर अशी काही डुलते की गल्लीतली पोरं तिला ‘बदक’ म्हणतात. दुकानदार तिला म्हणाला, “दोन चमचे घे, वारा मागे पडेल!” माझी छाती फुगली.

पण तिचे सर भलते कडक. त्यांनी माझं लेबल चष्मा वर करून, खाली करून तीनदा वाचलं. म्हणाले, “आधी जेवण, मग झोप, मग सराव. याने झाला तर थोडा फायदा होईल. आणि एक लक्षात ठेव, डबा संपत आला तरी तळाशी चार चमचे राहू द्यायचे. डबा फेकायचा नाही. उद्या काही विचारणा झाली तर दाखवायला हवा.”

थोडा फायदा? मला काय राग आला! त्यानंतर बदक प्रत्येक शर्यत जिंकत गेली आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणालो, बघा, कोणामुळे जिंकली ते!

दोन महिन्यांत माझ्यात चारच चमचे उरले. बदकाने मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि सरावाला निघून गेली. मावशीला मात्र काही सांगायचं राहिलं. बदकाला लहानपणापासून याच मावशीने वाढवलं. तिची कपड्यांना इस्त्री करून देणारी लॉन्ड्री आहे, आणि रिकामा दिसला डबा की घासला, ही तिची खोड. तिने पावडर नळाखाली सोडली, मला गरम पाण्यात बुडवलं आणि माझं लाडकं लेबल सुरीने खरवडून काढलं. इस्त्रीच्या टेबलावर मी सरकू नये म्हणून तळाला जुन्या कोटाचा तुकडा चिकटवला. मग माझ्यात गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं भरली. कुठे वारा मागे टाकणारा मी आणि कुठे ही बटणं!

आणि मग खेळाडूंची तपासणी करणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. एका शर्यतीनंतर केलेल्या बदकाच्या लघवीच्या तपासणीत बंदी घातलेलं औषध सापडलं होतं. पंधरा दिवसांत खुलासा केला नाही तर चार वर्षं शर्यत बंद. राष्ट्रीय संघाची निवड अवघ्या दीड महिन्यावर होती. बदकाने सरांना घरी बोलावून घेतलं. “मी काहीच घेतलं नाही हो सर!” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“तो डबा आण,” सर म्हणाले.

मावशी मटकन खाली बसली. “अगं बाई, तो मी धुतला गं! माझ्या मेलीच्या हातांना जरा म्हणून चैन नाही!”

मला तेव्हा तो कारखाना आठवला. ते वरवर फिरवलेलं फडकं आठवलं. मित्रांनो, लाज वाटली मला. ज्या पोटाचा मी एवढा तोरा मिरवला, घाण त्यातच होती. आणि सांगायला तोंड नव्हतं.

मावशी तरातरा उठली. “याच्यामुळे माझ्या पोरीवर ही वेळ आली, आधी याला बाहेर फेकते!” तिने मला उलटा केला. बटणं सगळ्या फरशीवर उधळली. गरम इस्त्रीजवळ राहून माझ्या तळाचा गोंद ढिला झाला होता. कापडाचा कोपरा सुटला आणि लोंबू लागला. मावशी फेकता फेकता थांबली.

“सर, इथं काहीतरी आकडे आहेत बघा.”

सरांनी कापड ओढून काढलं. त्याच्या आड तो नंबर जसाच्या तसा राहिला होता. ज्याला मी कधी भाव दिला नाही, तो! सरांनी तो मोठ्याने वाचला, बदकाने लिहून घेतला आणि तिघंही दुकानाकडे धावली. दुकानदाराने फळीमागून त्याच नंबरचा एक सीलबंद डबा काढला. माझा सख्खा भाऊच तो! प्रयोगशाळेत त्याच्या पोटातही तेच औषध निघालं. कारखान्याची चूक उघडी पडली, तो सगळा माल परत मागवला, आणि बदकावरची बंदी टळली. मी काही भांडं नाही, तरी त्या दिवशी सगळ्यांचा जीव माझ्यातच पडला!

निवडीच्या दिवशी बदक कुठल्याच पावडरीशिवाय चालली. मावशीच्या हातचं जेवण, पुरेशी झोप आणि सरांचा सराव. वीस किलोमीटर! शेवटच्या फेरीत तिने तिघींना मागे टाकलं आणि पहिली आली. मावशी एवढी ओरडली की तिचा घसा चार दिवस बसला होता. तेव्हा मला कळलं, या पायांत माझं श्रेय कधीच नव्हतं. खरं सांगतो, वाईट नाही वाटलं. उलट मीही मनातल्या मनात ओरडलो.

तेव्हा मित्रांनो, कुठलाही डबा उघडण्याआधी जाणत्या माणसाला विचारा, लेबलावरच्या चित्राला भुलू नका, आणि तळावरचा नंबर लिहून ठेवा. घरच्यांनाही सांगून ठेवा, विशेषतः घासायची हौस असलेल्यांना!

शर्यतीहून आल्यावर बदकाने पदक गळ्यातून काढून मावशीच्या हातात दिलं. मावशीने कपाट पाहिलं, भिंत पाहिली. मग फरशीवरून वेचून माझ्यात परत भरलेली बटणं एका वाटीत ओतली, मला पदराने आतून पुसलं आणि पदक माझ्यात ठेवून झाकण लावलं.

“राहू दे इथंच,” ती म्हणाली. “खरं बोलला तो.”