पाहुणे येईपर्यंत कापायचं नाही

पाहुणे येईपर्यंत ट्रेला सुरी लावायची नाही, असं मॅनेजरने मला तीनदा सांगितलं. मी या वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण आहे, बहिरी नाही.

ओव्हन देणगीत मिळालेला. देणगी देणारे साहेब पावणेआठला येणार, अख्ख्या ट्रेसोबत फोटो काढणार, मग बावीस म्हाताऱ्यांनी खायचं. मी आदल्या संध्याकाळीच ओट्स दुधात भिजवले. सकाळी त्यात पिकलेली केळी कुस्करली, सफरचंदं साल काढून बारीक चिरली, कारण साल कवळीखाली अडकते. खजूर, अंडी, चिमूटभर दालचिनी. साखर अजिबात नाही. साडेसातला भाजलेला ट्रे ओव्हनमधून बाहेर काढला. पंधरा मिनिटं निवू द्यायचा, नाहीतर वडीऐवजी लगदा हातात येतो.

साडेसातलाच सिस्टरने सहा जणांना इन्सुलिन टोचलं. रोजची वेळ तीच, कारण पावणेआठला न्याहारी ठरलेली.

पावणेआठ झाले, आठ झाले. साहेब 'निघालोच' म्हणत होते. मोठ्या माणसांचं 'निघालोच' म्हणजे अजून दाढी व्हायची असते.

निवृत्त शाळामास्तरीण टेबलाच्या टोकाला बसतात. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. रोज माझ्या कामात खोड काढल्याशिवाय त्यांना चमचा उचलवत नाही.

"काय गं, आज फक्त वास खायला घालणार का?" त्यांनी विचारलं.

"साहेब येतायत, बाई. फोटो आहे."

"मग त्यांना म्हणावं लवकर या. फोटोत मी जिवंत दिसले तर बरं."

सगळे हसले. मीही हसले. सव्वाआठला बाई बोलायच्या थांबल्या, तेव्हा माझं हसू गेलं. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. समोरचा पेला त्यांना धरता येईना. मला त्यांनी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

मी साखरपाणी पाजलं आणि सिस्टरला ओरडून बोलावलं. तिने बोटातलं रक्त तपासलं. साखर पार खाली. आणखी पाजलं. थोड्या वेळाने बाईंची नजर जागेवर आली.

"आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा उतरेल," सिस्टर म्हणाली. "बाकीच्या पाच जणांचंही तेच."

घरात दुसरं तयार काही नव्हतं. फळं सगळी ट्रेमध्ये गेली होती. मी सुरी उचलली.

"अहो, दहा मिनिटं," मॅनेजर दारात आडवा आला. "साहेब चौकात पोचलेत. कोपरा जरी तोडलात तरी फोटोत दिसेल."

"दिसू द्या."

"तुमच्या नोकरीचं बघा, ताई."

"तुम्ही बाईंचं बघा. मग मी नोकरीचं बघते."

मी मधूनच कापलं. कोपरे कडक होतात, म्हाताऱ्यांना चाववत नाहीत. पहिली वडी बाईंना भरवली, मग इन्सुलिनवाल्यांना, मग बाकी सगळ्यांना. भरल्या पंगतीसमोर माझ्या हातातली सुरी काढून घ्यायची मॅनेजरची छाती नव्हती.

साहेब पावणेनऊला आले. ट्रेमध्ये कडेकडेचे तुकडे उरले होते. त्यांनी एक खाल्ला, फोटो काढला, चांगलं झालंय म्हणाले, आणि गेले. माणूस वाईट नसावा. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्याच्या फोटोसाठी इथे कुणाच्या तरी रक्तातली साखर उतरत होती.

दुपारी मॅनेजरने कागद पुढे केला. 'आदेश मोडून न्याहारी वेळेआधी वाढली, याबद्दल दिलगीर आहे.' खाली माझ्या सहीची जागा.

"सही करते," मी म्हटलं. "फक्त वरती वेळा लिहा. इन्सुलिन साडेसात. न्याहारी सव्वाआठनंतर. साहेब पावणेनऊ."

"वेळा कशाला हव्यात?"

"'वेळेआधी' लिहिलंय ना तुम्ही. कुठल्या वेळेआधी, ते कळू दे वाचणाऱ्याला."

त्याने कागद घडी करून खिशात घातला. उद्या बोलू म्हणाला. या गोष्टीला आज पंधरा दिवस झाले. मी अजून कामावर आहे, आणि सिस्टर आता माझी सुरी ट्रेवर दिसल्याशिवाय कुणालाही इन्सुलिन टोचत नाही.