कोपऱ्यातली सही

वारंगा फाट्यावर फ्लेक्सचं मशीन आणलं तेव्हा कादरला वाटलं होतं, नामाजी पेंटर आता आपलं तोंडही बघणार नाहीत. खिचडीच्या हॉटेलांपासून शिरड शहापूरच्या किराणा दुकानापर्यंत सगळ्या पाट्या नामाजींच्या हातच्या, आणि हा पठ्ठ्या त्यांच्या पोटावर पाय द्यायला मशीन मांडून बसलेला. पण नामाजी स्वतःच दुकानात आले, मशीनभोवती फिरले आणि म्हणाले, "छापतं झ्याक. पण अक्षर कोनाचं छापून राहिला रे? जीव न्हाई त्यात."

तिथून जोडी जमली. नामाजी कुंचल्यानं कागदावर अक्षर काढायचे आणि कादर ते स्कॅन करून, माऊसनं त्याच्या कडेकडेनं रेघ ओढत, एसव्हीजी फाइल करायचा. असल्या फाइलीत चित्र ठिपक्यांचं नसतं, रेघांचं असतं. कार्डावर छापा नाहीतर गावच्या कमानीवर, अक्षर फाटत नाही. नामाजींना याचं भारी कौतुक. "मोठं कर, अजून मोठं कर," म्हणत ते पडद्यावर आपल्याच वेलांटीच्या पोटात शिरायचे, आणि बाहेर गिऱ्हाईक शिव्या घालत उभं असायचं. काय दिवस होते ते! एका चहात दोघं भागवायचे आणि भांडायला मात्र दिवस पुरायचा नाही.

नामाजी गेल्या उन्हाळ्यात गेले. आज त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, दुकानात येऊन कादरपुढं मोबाईल धरला. नरसीचं घर बंद करून त्या पुण्याला लेकीकडं, सुकन्याकडं निघाल्या होत्या. दुपारची गाडी होती.

"कादरभाऊ, रस्त्यावरच्या त्यांच्या पाट्या समद्या गेल्या. तुमच्या मशिनीत हायेत म्हनत्यात. येवढ्यात घालून द्या. तिकडं जीव घाबरला की बघत बसीन."

"देतो की वहिनी. बसा तुमी."

देतो म्हणाला खरा, पण मोबाईल एसव्हीजी उघडेना, आणि लेकीनं दिलेल्या त्या जुन्या मोबाईलात नातवंडांच्या व्हिडिओंनी पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती. एकेक फाइल उघडून लहान चित्र करत बसलं तर गाडी चुकणार. मग कादरनं कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. नांदेडला कॉम्प्युटर शिकणाऱ्या त्याच्या आफिफानं बापाला हे शिकवलं होतं: एक ओळ लिहायची, या फोल्डरमधली प्रत्येक एसव्हीजी घे, अमुक रुंदीची जेपीजी कर, दाबून हलकी कर. कादर बिस्मिल्ला म्हणूनच टाइप करायचा, कारण एक टिंब चुकलं तरी ती खिडकी खाष्ट सासूसारखी उणंदुणं काढायची.

एंटर दाबलं आणि फाइलींची नावं सरसर वर जाऊ लागली. टायरवाला. रसवंती. मीना ब्युटी पार्लर, ज्याच्या 'मी'वर नामाजींनी हट्टानं फूल काढलं होतं. कादरला प्रत्येक नावाबरोबर ते शेजारच्या स्टुलावर बसल्यासारखे वाटत होते. डोळे भरून आले, आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

मोबाईल भरून झाला. अनुसयाबाईंनी एक चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं, अंगठ्यानं पुढं सरकवत राहिल्या. मग मोबाईल खाली ठेवला.

"हे त्यांचं न्हाई."

कादरचं डोकंच फिरलं. "काहून न्हाई? मी सोता रेघ ओढली हाय यातल्या एकेक अक्षराची!"

"मला अक्षर कुठं येतं भाऊ? येश्टीतून जाताना मी पाटीचा कोपरा बघायची. तिथं त्यांची सही असायची. तेवढीच मला वळखू येती. हितं कुटंच न्हाई."

कादरनं चित्र मोठं करून पाहिलं. उजव्या कोपऱ्यात सहीच्या जागी करडा डाग. पेंटरचं नाव मोठं दिसलं की गिऱ्हाईक कुरकुरायचं, म्हणून नामाजी सही नखाएवढी काढायचे. कादरनं मोठी अक्षरं जपली आणि हलकं करण्याच्या नादात नेमकी सहीच फाटली. आता सगळ्याच पाट्या मोठ्या काढाव्यात तर मोबाईलात मावणार नव्हत्या, आणि गाडीची वेळ तर होत आली होती.

तो पुन्हा काळ्या खिडकीशी बसला. प्रत्येक फाइलीत त्या सहीच्या रेघांना त्यानं 'सही' असं नाव देऊन ठेवलेलं होतं. या वेळी ओळीत त्यानं तेवढंच नाव घातलं: पाटी नको, रंग नको, ही एवढीच दे, आणि मोबाईलभर मोठी दे. दाबायचं अजिबात नाही.

सही आली. जन्मभर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं नाव काचभर पसरलं. वेलांटीची ती लांब शेपटी, कुंचला उचलताना राहिलेला फराटासुद्धा.

अनुसयाबाईंनी मोबाईल उचलून जवळ धरला. मग त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "ना... मा... जी."

कादर चमकला. इतक्या वर्षांत त्यानं त्यांच्या तोंडून 'ते', 'त्यांनी', 'सुकन्याचे वडील' एवढंच ऐकलं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं.

त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी चटकन तोंडावर पदर धरला, आणि पदराआडून पुन्हा एकदा म्हणाल्या, "नामाजी."