चार नंबरच्या प्रेसमागे

"काका, कॅमेऱ्याकडे नाही बघायचं. माझ्याकडे बघा," जान्हवी चौथ्यांदा म्हणाली.

भिकाजी ओव्हाळांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पाठ केलेलं वाक्य पुन्हा कॅमेऱ्यालाच सांगितलं. "कंपनी म्हंजे आमचं कुटुंबच हाय."

मी कानाला हेडफोन लावून खाली बसलो होतो. त्यांच्या शर्टाच्या आत, दुसऱ्या बटणापाशी मीच तो चिमुकला कॉलर माइक लावला होता. त्यात त्यांचा श्वासही ऐकू येत होता.

"एकोणतीस वर्षं एकाच मशिनवर. कंटाळा नाही आला?" जान्हवीनं कागदावर नसलेला प्रश्न विचारला.

"मशिनचा कसा कंटाळा यील? त्ये काय बोलत न्हाई," ते म्हणाले. दिवसभरात हेच एक वाक्य खरं वाटलं, आणि एडिटमध्ये नेमकं तेच उडणार हेही मला ठाऊक होतं.

कंपनीचा व्हिडिओ कसा बनतो ते सांगून टाकतो. आधी मीटिंग होते. मीटिंगमध्ये सगळ्यांना 'काहीतरी वेगळं' हवं असतं. मग स्क्रिप्ट लिहिली जाते आणि त्यातलं वेगळं तेवढं खोडून 'गुणवत्ता', 'विश्वास' आणि 'भरारी' हे शब्द घातले जातात. मग शूटिंग. ड्रोन वर जातो, मालक फाइल घेऊन उगाचच चालत येतात, हेल्मेट घातलेली दोन माणसं हवेत बोट दाखवून काहीतरी बघतात. शेवटी एखाद्या जुन्या कामगाराचा चेहरा. त्यानंतर एडिट, निवेदकाचा आवाज, संगीत, साहेबांच्या दुरुस्त्या, आणि 'फायनल', 'फायनल दोन', 'एकदम फायनल' अशा नावांच्या फायली. महाळुंग्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून जान्हवी आणि मी सहा वर्षं हेच करतोय. ती कॅमेरा आणि गिऱ्हाईक सांभाळते, मी आवाज आणि एडिट. पाट्या टाकायच्या म्हटल्या तरी त्या सरळ रेषेत टाकाव्या लागतात.

हा कारखाना घोटावड्याचा, गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट दाबून काढणारा. जर्मनीहून नवं गिऱ्हाईक येणार होतं, त्याच्यासाठी व्हिडिओ. 'जुना कामगार' म्हणून एचआरच्या तृप्ती मॅडमनी ओव्हाळांना निवडलं. "बोलत नाहीत फारसे, पण फेस छान आहे," त्या म्हणाल्या होत्या.

चूक माझी झाली. मुलाखत संपल्यावर जेवणाची सुट्टी झाली आणि त्यांच्या शर्टातला माइक काढायचा मी विसरलो. दुपारी ते चार नंबरच्या प्रेसवर गेले. अडीचशे टनांची प्रेस ती, दोन माणसं एकमेकांच्या डोक्यावर उभी केली तरी वर उरेल एवढी उंच. जान्हवीनं समोरून आणि मागून दोन कॅमेऱ्यांनी त्यांचं काम टिपलं. शॉपमध्ये, म्हणजे मशिनच्या त्या शेडमध्ये, कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. या शॉटवर संगीतच येणार म्हणून मी निवांत चहा पीत होतो. माइक मात्र ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या उन्हात, मी ती फाइल उघडली. समोरच्या इमारतीत ड्रिल चालू होतं, खाली भाजीवाला ओरडत होता. प्रेसचा गोंगाट गाळून मी काय उरतंय ते बघत होतो.

"जना?" ओव्हाळांचा घोगरा आवाज.

मग क्षणभर काही नाही.

"व्हय." दुसराच आवाज. बारीक, नाकातला, जरासा खोडकर.

मग धाड्कन स्ट्रोक, प्रेस खाली आल्याचा.

पुन्हा "जना?" पुन्हा "व्हय." पुन्हा स्ट्रोक. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही स्ट्रोक त्या उत्तराशिवाय पडला नव्हता. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. प्रेसच्या मागे पार्ट वाहून नेणारा पट्टा फिरत होता आणि चिटपाखरू नव्हतं. मी जान्हवीला हाक मारली.

"शेजारचा कुणी कामगार असेल रे," ती म्हणाली.

"कॉलर माइक हातभरापलीकडचं बोलणं पकडत नाही. आणि त्या गोंगाटात तर नाहीच नाही."

तिनं समोरचा क्लोजअप मोठा केला आणि आवाजाशी जुळवून चालवला. ओव्हाळांचे ओठ हलले, "जना?" मग डोळे जागच्या जागी थांबले. तोंडाचा डावा कोपरा तेवढा वर ओढला गेला, आणि त्याच तोंडातून तो दुसरा आवाज आला, "व्हय." लगेच चेहरा पुन्हा त्यांचा झाला आणि दोन्ही हात बटणांवर पडले.

"बंद कर ते," जान्हवी म्हणाली.

तिच्या मते आवाज काढून टाकून मोकळं व्हावं. आपला पोटापाण्याचा धंदा, नसत्या भानगडीत कशाला पडा? तिचं बरोबरच होतं. तरी मी संध्याकाळी ओव्हाळांना फोन केला. काही गोष्टी डोक्यात घेऊन झोप येत नाही.

"काका, जना कोण?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "कुनी सांगितलं तुमाला?"

"तुमच्या माइकमध्ये आवाज आलाय."

"माजा?"

"तुमचा. आणि त्याला उत्तर दिल्यासारखा एक."

फोन बंद झाला. सुट्टीच्या दिवशी सकाळी विहारातली वंदना आटोपून ते पांढऱ्या शर्टातच महाळुंग्याला आले. सगळ्या इमारती सारख्या दिसतात म्हणून तासभर हिंडले होते. पाणी प्यायले, आणि कुणी न विचारता सांगू लागले.

जनार्दन त्यांचा जोडीदार. हे पुढून पत्रा लावायचे, तो मागून तयार पार्ट ओढून घ्यायचा. नियम असा, की मागच्या माणसाचीही दोन बटणं असतात आणि चारही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. पण अकरा वर्षांपूर्वी कामाची घाई होती, म्हणून मागची बटणं वायर जोडून निकामी करून ठेवली होती. प्रेसच्या आडून एकमेकांचं तोंडही दिसायचं नाही. तेव्हा शॉपमध्ये आजच्याइतका गोंगाट नसायचा, मग ह्यांनी हाक द्यायची, "जना?" आणि त्यानं "व्हय" म्हटलं की दाबायचं. दोघांनी एवढाच काय तो बंदोबस्त केला होता. त्या दिवशी अडकलेला पार्ट काढायला जनार्दन आत वाकलेला होता आणि प्रेस खाली आली.

"चवकशीत म्या सांगितलं, त्यो व्हय म्हणला. म्या आयकलं म्हणूनच दाबलं." ते हाताच्या रेषांकडे बघत होते. "मग साहेब लोकांनी लिवलं, मयताची चूक. गावानं त्याच्या म्होरं न्येलं. व्हय म्हणून वाकला म्हंजे जाणूनच वाकला म्हणं, जीव द्यायचा व्हता त्याला. जनाची बायको, रजनी वयनी, अकरा वर्सं त्ये आयकत्यात. सासूच्या तोंडून, रोज."

"आणि तुम्ही?"

"म्या आयकलं व्हतं ओ." ते माझ्याकडे वळले. "पर रात झाली की वाटतं, आयकलं व्हतं का? तुमच्यात आवाज आलाय म्हणला. लावा बरं."

मी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले आणि फक्त आवाज लावला. पहिल्याच "व्हय"ला ते ताठ झाले. तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"जनाच हाय!" हेडफोनमुळे ते ओरडतच बोलले. "जनाच! हितं म्हणतोय म्हंजे तवाबी म्हणला आसंल. मला ह्ये मोबाइलवर द्या. वयनीला आयकवतो."

इथं माझ्या हातात होतं. तीस सेकंदांची फाइल त्यांच्या मोबाइलवर पाठवायची, म्हातारा सुखानं घरी गेला असता. पण ती ऐकून रजनीबाईंच्या गळ्यात तोच दगड पुन्हा बांधला गेला असता, तोही पुराव्यानिशी. मी घुटमळलो. खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती.

"चित्र कुटं हाय ह्येचं?" त्यांनीच विचारलं.

जान्हवीनं माझ्याकडे पाहिलं. मी चित्र लावलं.

स्क्रीनवरच्या ओव्हाळांनी हाक मारली. त्यांचे डोळे थांबले, कोपरा ओढला गेला, उत्तर आलं. खुर्चीतले ओव्हाळ पुढे सरकले. "परत," म्हणाले. मी परत लावलं. सहा वेळा लावलं. सातव्या वेळी त्यांनी स्वतःच्या तोंडाचा डावा कोपरा बोटांनी घट्ट दाबून धरला, आणि मला त्या खोलीत बसवेना.

"मला ठावं नव्हतं ओ," ते फार हळू म्हणाले. "आयशप्पत ठावं नव्हतं."

मग उठले. "वयनीकडं जायाचंय. सोडता का?"

मी त्यांना गाडीवर घेऊन निघालो. घोटावड्याच्या अलीकडे एका पत्र्याच्या घरापुढे त्यांनी थांबवलं. ओट्यावर पन्नाशीची एक बाई सुपात हरभरे निवडत होती. ओव्हाळ चपला काढून खालीच उभे राहिले.

"वयनी, जना व्हय म्हणला नव्हता."

सूप थांबलं.

"म्या हाक दिली. उत्तर माज्याच तोंडातनं आलं आसंल. म्या वाट बगितली न्हाई त्याची. त्यानं जाणून काय केलं न्हाई. त्यो नुसता काम करत व्हता."

रजनीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या रडतील किंवा शिव्या देतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी आत तोंड करून हाक मारली. "आत्याबाई, भाईर या. काठी घ्या न् या."

वाकलेली म्हातारी उंबऱ्यात आली. शेजारच्या दोन बायकाही भिंतीवरून डोकावल्या.

"भावजी, आता परत म्हणा," रजनीबाई म्हणाल्या. "मोठ्यानं म्हणा. हिला कमी आयकू येतं."

ओव्हाळांनी तेच मोठ्यानं पुन्हा सांगितलं. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिली. मग तिनं पदर तोंडात धरला. रजनीबाई ओव्हाळांना बसा म्हणाल्या नाहीत. चहाही विचारला नाही. पण आम्ही वळलो तेव्हा मागून म्हणाल्या, "इतकी वर्सं का लावली?" त्याला उत्तर नव्हतं, आणि ह्या खेपेला ते कुणी दिलंही नाही.

आठवड्यानं दुरुस्त्या आल्या. प्रेसच्या शॉटमध्ये ओव्हाळांनी गॉगल घातलेला नव्हता. जर्मनीवाले ओरडतील, शॉट पुन्हा घ्या. आम्ही पुन्हा घोटावड्याला गेलो. ह्या वेळी माइक मी जाणूनबुजून लावला. ओव्हाळांनी तो कुठे लावतोय ते पाहिलं आणि वरून बटण लावून घेतलं.

त्यांनी पत्रा लावला. हाक मारली नाही. बटणांवरचे हात काढले, प्रेसला वळसा घालून मागे गेले, वाकून आत पाहिलं, परत पुढे आले आणि मग बटणं दाबली. पुढचा पत्रा लावला आणि पुन्हा तसेच मागे गेले. सुपरवायझर म्हणाला, आठवडाभर हेच चाललंय. "ओव्हाळ, टार्गेटचं काय?" असं तो हातवारे करून विचारत होता. ओव्हाळ त्याच्या बाजूनं निघून पुन्हा मागे गेले. क्लोजअपमध्ये त्यांचे ओठ मिटलेले होते. मी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले आणि, खरं सांगतो, तो नाकातला "व्हय" यावा म्हणून वाट पाहिली. आला नाही.

"ते सारखे फिरून काय येतात?" तृप्ती मॅडमनी फायनल बघताना विचारलं. "तेवढं कापा ना. थेट बटण दाबतानाच दाखवा."

मी कापलं. व्हिडिओत ओव्हाळ तीन सेकंद दिसतात, गॉगल घातलेले, वर सनईसारखं काहीतरी वाजतंय. जर्मनीवाल्यांना आवडला म्हणे.

त्या दुसऱ्या शूटिंगच्या मूळ आवाजाची फाइल मात्र मी अजून पुसलेली नाही. कधीतरी दुपारी लावतो. पत्रा ठेवल्याचा आवाज येतो. मग बुटांची पावलं प्रेसला वळसा घालत मागे जातात आणि थांबतात. नुसतं बघायला लागेल त्यापेक्षा जरा जास्तच वेळ थांबतात. मग परत पुढे येतात, आणि स्ट्रोक पडतो.