अठरा डिसेंबरचा सामना

चार गावांच्या आइस हॉकी लीगचा उपांत्य सामना टोलबर्गने सँडरिजविरुद्ध चार-दोनने जिंकला, त्या रविवारी गावातली निम्मी माणसं घरीच गेली नाहीत. रिंकच्या स्वयंपाकघरात बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी संपल्या, मग कॉफी संपली, तरी लोक लाकडी बाकांवर बसून नेस्टरचे दोन गोल एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. टोलबर्गने अंतिम फेरी गाठायला अकरा वर्षं लागली होती. पर्ल स्टॅडनिक मात्र नेहमीप्रमाणे घड्याळ बंद करून, भोंग्याची वायर गुंडाळून, सामन्याचा कागद पिशवीत घालून निघाली. लीगच्या सचिवाने कोणाच्या विजयात नाचू नये, असं तिचा नवरा मेट्रो म्हणायचा. मेट्रोला जाऊन पाच वर्षं झाली होती. सचिवपद कागदावर त्याचं होतं तेव्हाही लिहिण्याचं सगळं काम पर्लच करायची, त्यामुळे तो गेल्यावर कोणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. वेळापत्रक, रेफ्रींना फोन, गुणतक्ता, कोणी किती गोल केले, कोण शिक्षा म्हणून किती मिनिटं बाहेर बसला, हे सगळं तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होत असे. बाकीचा दिवस ती पोस्टात बसायची. एकसष्ट वर्षांच्या या बाईला चार गावांतल्या साठ-सत्तर खेळाडूंचे नंबर तोंडपाठ होते. पण तिच्याकडे कॉफीला येणारं माणूस एकच होतं.

ते माणूस म्हणजे नेस्टर ओलेक्सिन.

नेस्टर शेजारच्या शेतातला. लहानपणी तिच्या अंगणातून शाळेला जायचा, तेव्हापासून तिला मिसेस स्टॅडनिक म्हणायचा आणि चौतिसाव्या वर्षीही तसंच म्हणायचा. मोठ्या शहरांतल्या संघांत बारा वर्षं खेळून, गुडघा आणि संसार दोन्ही मोडून, तो नोव्हेंबरच्या शेवटी आईच्या घरी परत आला होता. सकाळी आपल्या दारातलं बर्फ उपसलं की न विचारता तिच्याही दारातलं उपसायचा. दर रविवारी सकाळी चर्चनंतर तिच्याकडे कॉफी घ्यायचा. जास्त बोलायचा नाही. पर्लही नाही. दोघं खिडकीतून पांढरं रान बघत बसायची आणि तेवढ्यावर पर्लचा आठवडा निघायचा.

सोमवारी पोस्ट बंद करून ती घरी आली आणि टेबलावर मोसमाचे सगळे कागद पसरले. अंतिम सामन्याआधी दोन्ही संघांची नावं पुन्हा तपासायची, ही मेट्रोची पद्धत. नियम साधा होता. जानेवारी संपेपर्यंत निदान पाच सामने खेळलेल्यालाच बाद फेरीत उतरता येतं. तसं नसेल तर तो सामना समोरच्या संघाचा. नेस्टर उशिरा आला होता, मधे गुडघ्यामुळे घरी बसला होता, म्हणून तिने त्याचे सामने बोटावर मोजले. चार डिसेंबर. अकरा डिसेंबर. अठरा डिसेंबर, सँडरिजमध्ये. आठ जानेवारी. एकोणतीस जानेवारी. बरोबर पाच.

तिने कागद उचलून ठेवले. मग अठरा डिसेंबरचा कागद परत बाहेर काढला.

त्या मोसमात तिने चुकवलेला तो एकच सामना. त्या दिवशी पारा शून्याखाली अडतीसवर गेला होता आणि पहाटेच तिचं घर तापवणारी तळघरातली भट्टी बंद पडली होती. नळ गोठायला लागले होते. नेस्टर खेळाची बॅग गाडीत टाकून निघता निघता तिच्या दारात थांबला, तिला घरात ओव्हरकोट घालून बसलेली बघितली, आणि बॅग गाडीतच ठेवून तळघरात उतरला. दिवसभर तो तिथेच होता. चार वाजता भट्टी धडधडली तेव्हा त्याचं तोंड काजळीने भरलं होतं आणि पर्ल इतकी हसली होती की तिला खाली बसावं लागलं.

कागदावर मात्र लिहिलं होतं, नंबर चौदा, एन. ओलेक्सिन. गोल नाही, शिक्षा नाही, नुसतं नाव. म्हणूनच तेव्हा, आठवड्याने टपालाने कागद आला तेव्हा, तिची नजर त्यावरून घसरली होती. खाली दोन्ही प्रशिक्षकांच्या सह्या होत्या.

हा सामना वजा केला तर नेस्टरचे चारच उरत होते. हे कोणालाही कळणार नव्हतं. रेफ्री दूरच्या गावचा, त्याला चेहरे ठाऊक नव्हते. तिने कागद पिशवीत घातला असता तर तो तिथेच राहिला असता, मेट्रोच्या वेळेपासूनच्या सत्तावीस वर्षांच्या कागदांसोबत. गेल्याच वर्षी एक म्हातारी सेंट अँसेल्म या लीगमधल्याच गावाहून आली होती, तिच्या नवऱ्याने एकोणीसशे साठ साली किती गोल केले ते विचारायला. पर्लने पाच मिनिटांत सांगितलं, सात. म्हातारी म्हणाली, "तो तर वीस सांगायचा." आणि मग, "सातच असतील. तुझ्याकडे लिहिलंय म्हणजे सातच." ती समाधानाने गेली होती. पर्लने हा सगळा विचार केला, उलटसुलट केला, आणि त्यातून तिला काहीच सोपं झालं नाही. मंगळवारी पोस्टातून घरी जाताना तिने नेस्टरला हाक मारली.

"रविवार नाही आणि कॉफी?" तो हसत आत आला. "काय, परत भट्टी रुसली का?"

"बस." तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. "हा बघ."

त्याने वाचलं. आधी हसला. "कोच अर्विडने लिहिलं असणार. त्या दिवशी तर मी तुमच्या तळघरात..." तिथे तो थांबला. आपले सामने त्याने डोक्यात भराभर मोजले असावेत, कारण त्याने कागद हळूच उलटा करून ठेवला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे रे."

"मग सोडून द्या ना. कोण विचारतंय? गाडीत खेळाची बॅग भरलेली होती, मी निघालोच होतो. तुमच्याकडे थांबलो नसतो तर खेळलोच असतो."

"हो."

"म्हणजे तुमची भट्टी दुरुस्त केली म्हणून मी बाद."

पर्लने उलटा ठेवलेला कागद परत सुलटा केला. मग ती म्हणाली, "खेळला नाहीस, नेस्टर. खेळलास असं मी कसं लिहू?"

"लिहायचं नाहीये तुम्हाला. लिहिलेलंच आहे. फक्त पुसायचं नाहीये." तो खिडकीकडे वळला. "मिसेस स्टॅडनिक, मी परत आलो तेव्हा लोक मला बघून रस्ता ओलांडायचे. काय बोलायचं ते त्यांना सुचायचं नाही. आता दुकानात गेलो तर माझ्या खांद्यावर हात ठेवतात. आई परवा रिंकवर आली. किती वर्षांनी आली ते तुम्हीच सांगा."

"नऊ," पर्ल म्हणाली.

त्याने मान हलवली. कॉफी संपवली, उठून कप विसळला, पालथा ठेवला. दारात बूट चढवताना तो वाकलेलाच म्हणाला, "तुम्ही करणार आहात, नाही का?"

"हो."

"मग आजच करा. संघ उद्यापासून सराव करणार आहे. उगाच करायला नको त्यांनी."

तिने त्याच संध्याकाळी चारही गावांना पत्रं लिहिली. रेडिओवर स्थानिक खेळांच्या बातम्या देणाऱ्याला फोनवर, उपांत्य सामना सँडरिजला दिल्याचा निकाल वाचून दाखवला. त्याने दोनदा विचारलं, "टोलबर्ग? तुमचंच टोलबर्ग ना?"

सकाळच्या बातम्यांत सगळ्या गावाने ऐकलं. नऊ वाजता पोस्टाचं दार उघडलं तर बाहेर अर्विड लिंडक्विस्ट उभा होता. धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक, संघाचा प्रशिक्षक आणि मेट्रोच्या लग्नातला त्याचा करवला.

"पर्ल, तू वेडी झालीस का?"

"आत ये, थंडी आहे."

"थंडी गेली खड्ड्यात! नऊ माणसं घेऊन गेलो होतो मी त्या दिवशी. नऊ! हात काळेनिळे पडले पोरांचे. तो येणारच होता, म्हणून सकाळीच नाव लिहून ठेवलं होतं. नंतर खोडायचं राहिलं."

"राहिलं, की खोडलं नाहीस?"

अर्विडने टोपी काढून काउंटरवर आपटली. "मेट्रो असता तर त्याने फाडून टाकलं असतं हे."

"नसतं फाडलं."

"नसतं," अर्विड म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "पण तो आधी माझ्याकडे आला असता. दोन बिअर प्यायला असता आमच्यासोबत, शिव्या खाल्ल्या असत्या, आणि मग केलं असतं. तू रेडिओला फोन केलास."

हे मात्र तिला लागलं. अर्विड टपाल न घेताच गेला.

त्याच दिवशी दुपारी सँडरिजचा प्रशिक्षक लॉर्न प्रोकोप याचा फोन आला. त्याच्याकडून तरी एखादा बरा शब्द येईल असं तिला वाटलं असावं.

"पर्ल, आम्हाला अशी फायनल नको होती गं."

"नियम आहे, लॉर्न."

"नियम माहीत आहे. मला तेव्हाच माहीत होतं. चौदा नंबर नव्हता, मी बघितलं की. पण त्या थंडीत ते नऊ जण गाडी चालवत आले, हेच पुष्कळ होतं. म्हटलं, राहू दे नाव, कोणाचं काय जातंय. केली सही. सगळ्यांनाच माहीत होतं. तू सोडून."

फोन ठेवल्यावर पर्ल टपालाच्या खणांसमोर उभी राहिली आणि तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं की आपण चुकलो असू. तरी निकाल तिने फिरवला नाही. फिरवता येईल असं तिला कुठेच दिसेना.

गावाने तिला शिव्या दिल्या नाहीत, काच फोडली नाही. टपालासाठी तर सगळ्यांना यावंच लागे. येत, खण उघडत, पाकिटं घेत आणि जात. पूर्वी काउंटरवर कोपर टेकून गुडघेदुखीपासून सुनेपर्यंत सगळं सांगणाऱ्या बायका आता "थंडी कमी झाली" एवढं म्हणत. चर्चच्या पिरोगी करण्याच्या दिवशी तिच्या टेबलावर जागा होती, पण समोरच्या दोघी आपापसांत बोलत होत्या. दारातलं बर्फ ती स्वतः उपसू लागली. दुसऱ्या रविवारी तिने सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला.

अंतिम सामना सँडरिजला झाला. घड्याळ लावायला ती पंचावन्न मैल गाडी चालवत गेली. टोलबर्गहून दुसरं कोणी आलं नव्हतं. दुसरा उपांत्य सामना जिंकून आलेल्या वुल्फ फ्लॅटने सँडरिजला पाच-एकने धुतलं. सँडरिजचे खेळाडू पहिल्या मिनिटापासून असे खेळत होते जणू त्यांना लवकर घरी जायचंय. चषक देताना फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा बाजूला सरकता का?" ती सरकली.

एप्रिलमध्ये रस्त्याकडेचं बर्फ काळं पडलं, तेव्हा नेस्टर पोस्टात आला. पत्ता बदलल्याचं कार्ड हवं होतं. दूर आल्बर्टा प्रांतात तेलविहिरीवर काम मिळालं होतं.

"आई?" पर्लने विचारलं.

"बहीण घेऊन जातेय तिला. शेत भाड्याने देतोय." तो उभ्यानेच कार्ड भरत होता. अक्षर शाळेतल्यासारखंच वाकडं होतं.

"माझ्यामुळे जातोयस का?"

त्याने विचार केला. खोटं बोलायचं की नाही, यावरही त्याने विचार केला असावा. "नाही. जाणार होतोच कधीतरी. पण थांबलो असतो कदाचित. एखादा मोसम." त्याने कार्ड पुढे सरकवलं. "राग नाहीये माझा. तुम्हाला वाटत असेल तर."

"मग रविवारी आला का नाहीस?"

"राग नाही म्हणजे कॉफी प्यावीशी वाटते असं नाही ना, मिसेस स्टॅडनिक."

ती हसली, कारण तेच खरं होतं. तोही थोडा हसला. तिने कार्डावर मारलेला शिक्का तिरका बसला. दुसरं कार्ड भरून घ्यावं लागलं. तेवढा वेळ तो आणखी थांबला. मग गेला.

सप्टेंबरमध्ये वुल्फ फ्लॅटच्या सभागृहात लीगची वार्षिक बैठक झाली. सेंट अँसेल्मने संघ उतरवणार नाही म्हणून कळवलं होतं, तेव्हा तीनच गावांची आठ-दहा माणसं होती. पर्लने उठून राजीनामा वाचला. दोनच ओळी होत्या. वाचून बसली.

लॉर्न प्रोकोपने नखं बघितली. वुल्फ फ्लॅटच्या माणसाने विचारलं, "मग कोण करणार?" कोणी हात वर केला नाही. वेळापत्रक, रेफ्री, नोंदी, सत्तावीस वर्षांच्या पेट्या, हे सगळं कोणाच्या तरी घरी जाणार होतं आणि कोणाच्याच घरी त्याला जागा नव्हती.

शेवटी मागच्या रांगेतून अर्विड म्हणाला, "पर्लच राहू दे."

ती वळली. अर्विड तिच्याकडे बघत नव्हता. "माझं काही मत बदललेलं नाही," तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "पण आमच्यातलं कोणी केलं तर तीन आठवड्यांत एकमेकांची डोकी फोडू. तिच्या कागदावर भांडण होत नाही. भांडण तिच्याशी होतं, ते वेगळं."

कोणीतरी हसलं. हात वर झाले. पर्लने राजीनाम्याचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती म्हणाली, "एक बदल हवा. यापुढे सामन्याआधी प्रत्येक खेळाडूने नावासमोर स्वतः सही करायची."

"हातमोजे काढून की घालून?" लॉर्नने विचारलं, आणि सगळे हसले. पर्लही हसली. ठराव मंजूर झाला.

बैठक संपल्यावर माणसं घोळका करून समोरच्या हॉटेलात जेवायला गेली. तिला कोणी बोलावलं नाही, टाळलंही नाही. आपापल्या गप्पांत निघून गेली एवढंच. दुपारचे दोन वाजले होते. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं पिवळी पडली होती आणि रस्त्यावर तिच्या गाडीखेरीज काही नव्हतं. चार संघांचं वेळापत्रक तिला डोळे मिटून जमायचं. तीन संघांचं अवघड असतं. दर आठवड्याला एक गाव रिकामं राहतं. टोलबर्ग येईपर्यंत ती गाडी चालवता चालवता मनात तारखा मांडत राहिली, कोणाला कोणता रविवार मोकळा ठेवायचा ते.