न कापलेला केक

मी एक जुना केक आहे. हसू नका, मित्रांनो. केक जुना झाला की टाकून देतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मी आतून लाकडाचा आणि बाहेरून प्लास्टरचा आहे. माझ्यासारख्याला इंग्रजीत डमी म्हणतात. अशाने आपली कहाणी सांगावी का, याची मला स्वतःलाच शंका वाटते. तरी सांगतो.

सुताराने उरल्यासुरल्या फळीच्या तीन चकत्या कापून एकावर एक चिकटवल्या. बेकरीवाल्या काकूंनी त्यांवर पांढरा लेप दिला. मग गुलाबी प्लास्टर कागदी शंकूत भरून, एका चपट्या डोक्याच्या खिळ्यावर त्यांनी पाकळी पाकळी करत गुलाब घडवले. प्लास्टर पटकन घट्ट होई, म्हणून त्या श्वास रोखून काम करत. मागे काका भट्टीत केक भाजत होते. भाजायचे त्यांनी आणि सजवायचे काकूंनी, अशी वाटणी होती. एकाच खोलीत दोघे आयुष्यभर पाठीला पाठ लावून उभे राहिले.

मला खिडकीत बसवले. मुले काचेला नाक लावत आणि आयांना ओढत आत आणत. मग आतला दुसराच केक खोक्यात जाई. कुणाचा वाढदिवस, कुणाचे लग्न, सगळे माझ्यासमोरून निघून जाई. माझ्यावर कधी मेणबत्ती लागली नाही की सुरी फिरली नाही.

शेजारच्या शिंप्याची धाकटी चिमी एकदा मला चाटायला निघाली.

"अगं, डमी आहे तो!" तिची आई ओरडली.

"डमी म्हणजे?"

"खोटा गं."

मला फार लागले ते. काकू हात पुसत बाहेर आल्या. "खोटा कसा? खोटा फसवतो. हा कुणाला फसवतो का? खरा येईपर्यंत त्याची जागा धरून बसतो बिचारा. तुझ्या बाबांच्या दुकानात बिनडोक्याचा पुतळा आहे ना, कोट घातलेला? तोही डमीच."

चिमीला तो शब्द भलताच आवडला. दुसऱ्या दिवशी शिंपी हसत सांगत आला, "वहिनी, काय शिकवलंत पोरीला? म्हणते, बाबा, घरात तुम्ही डमी. ठरवते सगळं आईच!"

"मग? खोटं आहे का?" काकू म्हणाल्या. काका भट्टीकडे तोंड करूनच हसले.

पुढे काकू गेल्या. त्यांच्या ओट्यापाशी कुणी उभे राहीना. केक साधे निघू लागले, वर नुसता क्रीमचा थर. काका बोलायचे थांबले. मला पुसणारे कुणी उरले नाही. माझ्या गुलाबांवर धूळ बसली, एकाची कड उडाली. समोर रस्ता वाहत होता आणि मी तसाच उभा होतो.

काकांची सून मनाने वाईट नव्हती. दुकान तिलाच चालवायचे होते. "बाबा, गिऱ्हाईक विचारतं, असे गुलाब काढून द्या. आपण कुठून देणार? काढून टाकू या ना हा डमी."

काका काही म्हणणार, तोच चिमी आत आली. आता ती मोठी झाली होती. "काका, माझं लग्न ठरलं. केकवर मला काकूंचे गुलाब हवेत. अगदी या खिडकीतल्यासारखे."

"मला नाही गं येत ते."

"करून तर बघा."

काकांनी मला उचलून काकूंच्या ओट्यावर ठेवले. कागदी शंकूत क्रीम भरले. भट्टीत भाजलेल्या त्या बोटांतून गुलाबाऐवजी कोबीच निघू लागले. सून म्हणाली, "बाबा, राहू द्या. गुलाब जमले नाहीत, तर उद्या हा डमी काढून टाकते." काकांनी मान डोलावली, पण शंकू खाली ठेवला नाही. शेवटी एक गुलाब जमला.

चिमीने तो माझ्याशेजारी धरला. बराच वेळ पाहिला. "छान आहे, काका. पण काकूंचा नाही वाटत. तुमच्या पाकळ्या या बाजूला वळल्यात. त्यांच्या बघा, उलट्या."

"डावखुरी होती ती," काका हळूच म्हणाले. "रोज तिच्या हातचं जेवलो. पण ती गुलाब करताना मी कधी मागे वळलोच नाही बघ."

त्यांनी शंकू डाव्या हातात घेतला. ते माझ्या एकेका पाकळीवरून बोट फिरवत आणि मग तशी पाकळी काढत. वाकडा का होईना, गुलाब तिच्या बाजूने फिरला. सुनेने तो पाहिला आणि ओल्या फडक्याने मला पुसून काढले.

आता मी खिडकीत नाही. काकूंच्या ओट्यावर असतो. मला पाहायला कुणी येत नाही आणि चाखणारे तर कधीच नव्हते. एकटे वाटते. पण प्रत्येक गुलाबाआधी काकांचे एक बोट माझ्यावरून फिरते. तेव्हा कळते, की मी कुणाची जागा धरून बसलो होतो.

मित्रांनो, डमी म्हणून एखादी वस्तू टाकायला काढाल, तेव्हा आधी तिच्यावरची धूळ पुसा. तिच्यावर कुणाचा हात राहिला आहे का, तेवढे पाहा. एवढेच माझे मागणे.